धावणारे वाढले, वेग घटला!

रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेणाऱ्या हौशी धावपटूंची संख्या गेल्या काही दशकांत अफाट वाढली. मात्र त्यांची सरासरी वेळ सुधारण्याऐवजी मंदावत गेली. याचा अर्थ माणसे दुबळी झाली असा घ्यायचा का?

उन्हाळ्यातल्या त्या एका रविवारी पहाटे बंगळुरूच्या कब्बन पार्कच्या आसपासचा देखावा पाहण्याजोगा असतो. एरवी मोटारींनी तुंबलेले रस्ते त्या दिवशी माणसांनी फुलून गेलेले असतात. संगणक कंपनीत काम करणारा तिशीचा तरुण बुटाची नाडी आवळत असतो. त्याच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले काका हातपाय मोकळे करत असतात. पलीकडे दोन मुलांची आई मैत्रिणीच्या पाठीवर क्रमांकाचा कागद पिनांनी लावून देत असते. यांच्यापैकी कोणीही पहिला येणार नसतो आणि ते प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही प्रत्येकाच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या सकाळची धाकधूक असते.

ही शर्यत म्हणजे बंगळुरूची 'वर्ल्ड १० के', अर्थात दहा किलोमीटरची दौड. ती २००८ साली सुरू झाली. त्याआधी, २००४ मध्ये मुंबईत आणि २००५ मध्ये दिल्लीत अशा मोठ्या शर्यतींचा पायंडा पडला होता. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन तर त्याहून जुनी, १९८३ सालची. बंगळुरूने मात्र ४२ किंवा २१ किलोमीटरऐवजी दहा किलोमीटरचे अंतर निवडले आणि ही निवड सामान्य माणसाच्या पथ्यावर पडली. मॅरेथॉनचे नाव काढताच छातीत धडकी भरणारा माणूसही 'दहा किलोमीटर ना? बघू या जमते का' असे म्हणू शकतो. ज्यांना तेही जास्त वाटते त्यांच्यासाठी 'मज्जा रन' आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि दिव्यांगांसाठी वेगळ्या दौडी आहेत.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असलेल्या या शहराची हवाही धावणाऱ्यांना साथ देते. मुंबईचा घामटा इथे नाही. उन्हाळ्यातही पहाट बरीच सुसह्य असते. त्यातच कब्बन पार्क आणि लालबाग ही दोन मोठी उद्याने शहराच्या पोटात आहेत. त्यामुळे शर्यतीचा दिवस वर्षातून एकदा येत असला तरी धावणारे वर्षभर दिसतात.

टोक तीक्ष्ण, गर्दी संथ

या शर्यतीच्या अगदी पुढच्या टोकाला जागतिक दर्जाचे धावपटू असतात. पहिल्या वर्षी एरिट्रियाचा झेर्सेनाय तादेसे २७ मिनिटे ५१ सेकंदांत जिंकला. २०१४ मध्ये केनियाच्या जेफ्री कामवोरोरने ती वेळ २७ मिनिटे ४४ सेकंदांवर आणली. २०२२ मध्ये निकोलस किमेलीने २७ मिनिटे ३८ सेकंदांची नोंद केली. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला जेमतेम पावणेतीन मिनिटे! महिलांत २०१८ मध्ये अ‍ॅग्नेस तिरोपने ३१ मिनिटे १९ सेकंद आणि २०२२ मध्ये आयरीन चेप्टाईने ३० मिनिटे ३५ सेकंद अशी वेळ दिली. टोक असे वर्षागणिक अधिक तीक्ष्ण होत गेले.

टोकाच्या मागे असलेल्या हजारोंच्या गर्दीचे काय? त्याबाबतीत जगभरचे आकडे उलटे चित्र दाखवतात. १९८६ ते २०१८ या काळातील सत्तर हजारांहून अधिक शर्यतींचे दहा कोटींवर निकाल तपासणारा एक मोठा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९८६ मध्ये मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला सरासरी ३ तास ५२ मिनिटे लागत. २०१८ मध्ये ही सरासरी ४ तास ३२ मिनिटांवर गेली. तब्बल चाळीस मिनिटांचा फरक! याच सुमारास मॅरेथॉनचा जागतिक विक्रम मात्र खाली येत होता. १९८५ मध्ये पोर्तुगालच्या कार्लोस लोपेसने २ तास ७ मिनिटे १२ सेकंदांचा विक्रम केला होता. २०२३ मध्ये केनियाच्या केल्विन किप्टमने हे अंतर २ तास ३५ सेकंदांत कापले.

विजेते वेगवान होत गेले आणि सर्वसाधारण धावपटू मंदावत गेला. असे का व्हावे?

सरासरीचे गणित

याचे मोठे कारण साध्या अंकगणितात आहे. एका कॉलनीतले पाच तरुण दहा किलोमीटर सरासरी पन्नास मिनिटांत धावतात असे समजा. पुढच्या वर्षी त्यांचे उत्साह पाहून आणखी पाच जण येतात. त्यांत कोणाची आई आहे, कोणाचे मामा आहेत, तर कोणी पन्नाशीनंतर प्रथमच बूट घातलेले आहेत. या पाचांना सरासरी ऐंशी मिनिटे लागतात. आता दहा जणांची सरासरी झाली पासष्ट मिनिटे. कागदावर ही कॉलनी पंधरा मिनिटांनी मंदावली, पण प्रत्यक्षात एकाही माणसाचा वेग कमी झाला नाही. उलट जे पाच जण काल घरी बसले होते ते आज धावले.

एकेकाळी रस्त्यावरच्या शर्यती म्हणजे कसलेल्या खेळाडूंचे काम होते. न्यूयॉर्क मॅरेथॉन १९७० मध्ये सुरू झाली तेव्हा १२७ जण उतरले आणि ५५ जणांनी ती पूर्ण केली. २०१९ मध्ये ती पूर्ण करणाऱ्यांची संख्या ५३ हजारांच्या वर होती. या हजारोंमध्ये शाळेत कधीही धावण्याचे बक्षीस न मिळालेलीच माणसे अधिक असणार, हे उघड आहे.

इंग्लंडमध्ये २००४ साली लंडनच्या एका बागेत तेरा जणांनी दर शनिवारी पाच किलोमीटर धावण्याचा प्रघात सुरू केला. 'पार्करन' या नावाने तो पुढे अनेक देशांत पोहोचला. सुरुवातीच्या काळात तिथली सरासरी वेळ बावीस मिनिटांच्या आसपास होती. पंधरा वर्षांत ती बत्तीस मिनिटांच्या पुढे गेली. संयोजकांना याचे वाईट वाटले नाही. सरासरी घसरते आहे म्हणजे ज्यांना आजवर 'हे आपले काम नाही' असे वाटत होते ती माणसे येऊ लागली, असा अर्थ त्यांनी घेतला आणि तो आनंदाने सांगितला.

अर्थात सगळेच श्रेय नवागतांना देऊन चालणार नाही. नाव नोंदवायचे, शेवटचे तीन आठवडे घाईघाईने सराव करायचा आणि शर्यतीत उतरायचे, अशी तयारी करणारेही पुष्कळ आहेत. दिवसभर खुर्चीत बसण्याची नोकरी, प्रवासात जाणारे तास आणि वाढलेले वजन यांचा परिणाम पायांवर होतोच. त्यामुळे सरासरी मंदावण्यात आनंदाचा भाग मोठा असला तरी थोडा इशाराही आहे.

उंबरठ्याबाहेर पडलेली पावले

शर्यतींचे रूप बदलणारी सर्वांत मोठी घटना म्हणजे स्त्रियांचा सहभाग. अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये १९६७ साली कॅथरीन स्वित्झर नावाची तरुणी क्रमांक लावून धावू लागली, तेव्हा एका अधिकाऱ्याने तिला रस्त्यातच ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला होता. या शर्यतीने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडावे लागले. स्त्रीचे शरीर इतके अंतर सोसू शकणार नाही, असे तोवर खुशाल सांगितले जात होते. वर उल्लेखिलेल्या अहवालानुसार २०१८ मध्ये जगभरच्या शर्यतींत स्त्रियांचा वाटा प्रथमच निम्म्याच्या किंचित वर गेला.

आपल्याकडे अजून ते चित्र दूर आहे. बंगळुरूसारख्या शहरातही पहाटे पाच वाजता एकट्या बाईने रस्त्यावर धावायला निघणे सोपे नाही. रस्त्यावर अंधार असतो, भटकी कुत्री मागे लागतात, टवाळखोर नजरा असतात आणि वाटेत स्वच्छतागृह नसते. त्यातून ही वेळ घरात डबे, दूध आणि मुलांची शाळा यांची असते. नवऱ्याने पहाटे धावायला जायचे ठरवले की घर त्याच्यासाठी चहा ठेवते. बायकोने ठरवले तर चहा आधी करून ठेवावा लागतो. स्त्रियांची संख्या कमी का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मैदानापेक्षा स्वयंपाकघरात सापडते.

म्हणूनच स्त्रियांसाठी खास दौडी निघाल्या तेव्हा त्यांना प्रतिसाद मिळाला. मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी २०१२ मध्ये मुंबईत फक्त स्त्रियांसाठी 'पिंकेथॉन' सुरू केली आणि पुढे ती बंगळुरूसह इतर शहरांत गेली. तीन किंवा पाच किलोमीटरचे छोटे अंतर, स्पर्धेचा ताण नाही आणि सोबत मैत्रिणी, यामुळे साडी किंवा सलवार-कमीज नेसून-घालूनही बायका धावल्या. मिलिंद सोमण यांच्या मातोश्री उषा सोमण यांनी पंचाहत्तरी ओलांडल्यावर २०१६ मध्ये मुलासोबत साडीत, अनवाणी घेतलेली धाव देशभर गाजली.

खडतर परिस्थितीतून पुढे आलेल्या मराठी मुलींनी तर थेट शर्यतींचे पहिले टोक गाठले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. नाशिकच्याच संजीवनी जाधवने २०२४ मध्ये बंगळुरूच्या दहा किलोमीटर शर्यतीत भारतीय महिलांमध्ये पहिला क्रमांक पटकावला.

हौशी धावपटूंमध्ये एका बाबतीत स्त्रिया पुरुषांपेक्षा सरस ठरतात. अमेरिकेतील चौदा मॅरेथॉनमधील एक्याण्णव हजारांहून अधिक निकालांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शर्यतीच्या उत्तरार्धात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्क्यांनी, तर स्त्रियांचा ११.७ टक्क्यांनी मंदावला होता. सुरुवातीलाच जोरात सुटायचे आणि नंतर धापा टाकत चालायचे, ही खोड पुरुषांत अधिक आढळली. महिनाअखेरपर्यंत पगार पुरवणाऱ्या गृहिणीला हे वाचून नवल वाटणार नाही!

वय आडवे येते का?

'आता या वयात काय धावायचे?' हा प्रश्न चाळिशीतच विचारला जातो. जर्मनीतील संशोधकांनी लाखो धावपटूंचे निकाल तपासले तेव्हा विसाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या वयोगटांच्या सरासरी वेळांत फारसा फरक आढळला नाही. त्यानंतरची घटही हळूहळू होणारी होती. याहून बोलकी गोष्ट म्हणजे पन्नास ते एकोणसत्तर वयाच्या मॅरेथॉन धावपटूंपैकी सुमारे चौथा हिस्सा गेल्या पाच वर्षांतच सरावाला लागलेला होता. म्हणजे हे जन्मभर पळणारे लोक नव्हते, उशिरा सुरुवात केलेलेही त्यांत होते. जगभरच्या धावपटूंचे सरासरी वयही १९८६ मधील ३५ वरून २०१८ मध्ये ३९ च्या पुढे गेले आहे.

पंजाबात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले फौजासिंग यांनी २००० साली लंडनमध्ये पहिली मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या पारपत्राप्रमाणे त्यांचे वय ८९ होते. पत्नी आणि मुलगा गमावल्याच्या दुःखातून बाहेर पडण्यासाठी ते धावू लागले होते. २०१३ मध्ये हाँगकाँगला दहा किलोमीटरची दौड १ तास ३२ मिनिटांत पूर्ण करून त्यांनी शर्यतींचा निरोप घेतला, तेव्हा वयाची शंभरी उलटली होती. जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाजवळ रस्त्यावर वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले.

वयाचा हिशेब धरून वेळेची तुलना करण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. त्या त्या वयाच्या सर्वोत्तम वेळेशी आपली वेळ ताडून टक्केवारी काढली जाते. या पद्धतीने पाहिले तर पंचविशीतल्या मुलापेक्षा साठीतल्या वडिलांची टक्केवारी सरस निघू शकते. घरात गोड वाद व्हायला एवढे निमित्त पुरेसे आहे.

संथ धावणाऱ्याचा फायदा

उशिरा पोहोचणाऱ्याला पदक तेवढे मिळते, आरोग्याचा लाभ मात्र वेगवानांनाच होतो, असा समज असेल तर तो काढून टाकावा. २०१६ आणि २०१७ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये प्रथमच उतरलेल्या १३८ जणांची सरावापूर्वी आणि शर्यतीनंतर तपासणी करण्यात आली. साधारण सहा महिन्यांच्या सरावाने त्यांचा रक्तदाब उतरला आणि वयाबरोबर ताठर होत जाणारी महाधमनी पुन्हा लवचीक झाली. हा फरक रक्तवाहिन्यांचे वय सुमारे चार वर्षांनी कमी होण्याइतका होता. सर्वाधिक फायदा कोणाला झाला? वयाने मोठे, धावायला संथ आणि सुरुवातीला रक्तदाब जास्त असलेल्या पुरुषांना! ज्यांना शर्यतीत मागे पाहायची सवय आहे त्यांनीच सर्वांत जास्त कमावले.

जपून टाका पाऊल

उत्साहाबरोबर सावधपणाही हवा. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख लोकांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीदरम्यान किंवा लगेच नंतर बंद पडले. म्हणजे १ लाख ८४ हजारांत एक. धोका लहान आहे, पण आहे. पुरुषांत तो अधिक दिसला आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये अर्ध्या मॅरेथॉनपेक्षा जास्त होता. २०२५ मध्ये याच विषयावरील पुढचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले होते, मात्र मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आले होते. वाटेवर ताबडतोब छाती दाबून दिला जाणारा प्रथमोपचार आणि विजेचा झटका देणारे उपकरण हाताशी असणे, याचा यात मोठा वाटा आहे. शर्यत निवडताना तिथे वैद्यकीय सोय कशी आहे हे विचारायला म्हणूनच संकोच करू नये.

मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा नेहमीपेक्षा फार दम लागणे ही थांबण्याची खूण आहे. अशा वेळी 'एवढे आलो तर पूर्ण करू' हा हट्ट नको.

पाण्याबाबत एक चूक संथ धावपटू हमखास करतात. प्रत्येक टेबलापाशी थांबून पेलाभर पाणी पिण्याची त्यांना सवड असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीकडे घसरलेले आढळले. शर्यतीत वजन वाढेल इतके पाणी प्यायलेले आणि चार तासांहून जास्त वेळ घेणारे लोक त्यांत अधिक होते. दहा किलोमीटरसाठी तहान लागेल तसे घोट घोट पाणी पुरते. शिवाय उन्हाचा ताप संथ धावणाऱ्याला अधिक वेळ सोसावा लागतो. बंगळुरूची पहाट गार असली तरी सूर्य वर आला की एप्रिल-मे महिना आपला रंग दाखवतोच.

सुरुवात कशी करावी?

नव्याने धावणाऱ्याने पहिले काही आठवडे रोज अर्धा तास भरभर चालावे. मग दोन मिनिटे चालणे आणि एक मिनिट हलके धावणे असा क्रम धरावा व धावण्याचा भाग हळूहळू वाढवत न्यावा. वेग योग्य आहे का हे कळायला महागडे घड्याळ लागत नाही. धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले म्हणजे वेग ठीक. शब्द तुटू लागले की आवरते घ्यावे. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेत. मधले दिवस सांध्यांना विश्रांतीसाठी असतात. खर्च करायचाच तर तो चांगल्या बुटांवर करावा.

शर्यतीच्या दिवशी हजारोंच्या गर्दीत सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचायलाच कित्येक मिनिटे जातात. त्याची चिंता नको. क्रमांकाच्या कागदाला किंवा बुटाला लावलेली छोटी चिप रेषेवरून पाऊल पडल्यापासूनची वेळ मोजते. मार्गाचीही मापणी काटेकोर असते. चाकाला मोजयंत्र लावलेल्या सायकलीने रस्ता मोजतात आणि अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. त्यामुळे दहा किलोमीटर धावल्याचे प्रमाणपत्र हाती पडले की त्यात फसवणूक नसते.

घरातल्या माणसांनीही थोडा हातभार लावावा. आठवड्यातले तीन दिवस पहाटेचा तास घरातल्या बाईला मोकळा मिळाला, तिच्या वाटचे काम नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी वाटून घेतले, तर पुढच्या शर्यतीत स्त्रियांची संख्या आपोआप वाढेल. तेव्हा शर्यतीची सरासरी आणखी दोन मिनिटांनी मंदावली तरी हरकत नाही. कोणाच्या तरी आईने आयुष्यात प्रथमच दहा किलोमीटरचा पल्ला पूर्ण केला, एवढाच त्याचा अर्थ असेल.